‘द वॉल’वर भांडायचं असेल तर

एका गाण्यावरून वाद घालायला काही लागत नाही, पानटपरीवर उभ्याउभ्या होतो. पण सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगणारा अल्बम, ज्याला कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात, त्याच्यावर धड वाद घालायचा तर थोडी तयारी लागते. ती नसली की काय होतं, हे परभणीत मी बरीच वर्षं बघतोय. एक जण म्हणतो ‘भारी’, दुसरा म्हणतो ‘निस्ती रडारड’, तिसरा मोबाईल काढून क्रिकेटचा स्कोर बघत बसतो. चहाचे पैसे गेले, वाद काही झाला नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या मोटारी जळाल्या की माझ्याकडं भरायला येतात. पाऊस लागला की हे काम बसतं. त्यामुळं आषाढ-श्रावणात संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की आमचा अड्डा भरतो. बँकेतला माझा वर्गमित्र, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे सर, शेजारच्या मेडिकलच्या वहिनी आणि माझा भाचा. सगळ्यात जास्त आवाज चढलेत ते पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द वॉल’वर, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. पद्धत दुसऱ्या अल्बमलाही चालते.

आधी कुठल्या ‘वॉल’वर भांडायचं ते ठरवा

हे फालतू वाटतं, पण निम्मी भांडणं इथंच होतात. ‘द वॉल’ म्हणजे ३० नोव्हेंबर १९७९ ला आलेला दोन तबकड्यांचा अल्बम, २६ गाणी, साधारण ८१ मिनिटं. पण ॲलन पार्करचा १९८२ चा सिनेमाही ‘द वॉल’च, ज्यात बॉब गेल्डॉफ आहे आणि कवायत करत जाणारे हातोडे आहेत. १९९० च्या जुलैत बर्लिनला पोट्सडॅमर प्लाट्झवर, अल्बम लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सनं केलेला कार्यक्रमही ‘द वॉल’च. आमच्या बँकवाल्यानं आधी सिनेमा बघितला होता. तो गाण्यावर बोलायला लागला की बोलायचा ते दृश्यावर. “ती पोरं कशी दळणाच्या मशीनमध्ये पडतात बघ,” असं म्हणायचा. अरे बाबा, ते गाण्यात कुठंय? ते जेराल्ड स्कार्फची चित्रं आणि पार्करचा कॅमेरा यांचं काम.

म्हणून पहिला ठराव: आज फक्त कानावर पडतं तेवढंच. सिनेमाचा मुद्दा ज्यानं काढला, पुढचा चहा त्याचा.

सलग ऐका, आणि सांधे नीट ऐका

अल्बम एकत्र बसून ऐकल्याशिवाय वाद सुरू करायचा नाही. “मी पूर्वी ऐकलाय” चालत नाही. पूर्वी ऐकलेलं म्हणजे त्यातली चार गाजलेली गाणी ऐकलेली असतात.

ऐकायच्या आधी अर्धा तास सामान तपासा. शफल बंद. ॲपमध्ये क्रॉसफेड नावाची, एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय असते, ती शून्यावर. फुकटातलं ॲप असेल तर मधे साबणाची जाहिरात येणार हे धरून चाला, नाहीतर एका रात्रीपुरतं कुणाचं तरी पैसे भरलेलं खातं मागून घ्या. नेट कॅफेत उतरवलेल्या जुन्या एमपी३ फायली काढू नका. तशा फायलींत प्रत्येक गाण्याच्या आगेमागे बारीकशी शांतता राहते. सुट्या गाण्याला त्याचं काही वाटत नाही, पण ‘द वॉल’ची गाणी एकमेकांत शिरलेली आहेत.

तपासायची जागा सांगतो. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ हे हेलिकॉप्टरच्या घरघरीनं सुरू होणारं छोटं गाणं आहे, मारकुट्या मास्तरांवरचं. ते संपतासंपता एक लांब किंकाळी येते आणि ती किंकाळी थेट ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागात जाऊन पडते. तिथं जर क्षणभरही तडा गेला, तर तुमची फाइल किंवा ॲप बाद. दुसरी जागा अगदी सुरुवातीची: ‘इन द फ्लेश?’ संपताना विमान खाली झेपावल्याचा आवाज कानठळ्या बसेपर्यंत चढतो, तुटतो, आणि लगेच तान्हं बाळ रडतं. बाप गेला, पोर जन्माला आलं, हे एकही शब्द न खर्चता सांगितलेलं आहे. तो जोड तुटला तर गोष्टीची पहिलीच ओळ गेली म्हणून समजा.

आवाजाचंही सांगून ठेवतो. अल्बमची सुरुवात इतकी हळू आहे की स्टेशन रोडच्या ऑटोंच्या गोंगाटात ती ऐकूच येत नाही. माणूस आवाज वाढवतो, आणि पुढच्या क्षणी गिटार-ड्रमचा दणका येतो. वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली येतात. तेव्हा आवाज आधीच ठरवून सोडा आणि सुरुवातीला कान द्या: एक संथ धून वाजते आणि मधेच कुणीतरी अर्धंच वाक्य बोलतं. वाक्याचा पहिला अर्धा भाग अल्बमच्या अगदी शेवटी, त्याच धुनेवर आहे. शेवट सुरुवातीला जोडलेला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे आधी सांगू नका. भाच्याला ते स्वतःहून कळलं तेव्हा तो “मामा, थांबा थांबा, मागं घ्या,” म्हणून ओरडला होता.

चार बाजू आहेत, तशाच चार बैठकी करा. प्रत्येक बाजूनंतर दहा मिनिटं थांबायचं. पहिल्या आणि तिसऱ्या बाजूला सहा-सहा गाणी, दुसऱ्या आणि चौथ्या बाजूला सात-सात. दुसऱ्या बाजूनंतर खायचं काढा, कारण गोष्टीतली भिंत तिथं पूर्ण होते आणि नैसर्गिक मध्यंतर पडतं. आमच्याकडं सुशीला असतो, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा. भजी नको, कढईच्या आवाजात तिसऱ्या बाजूची सुरुवात जाते.

गोष्ट एकानं मराठीत सांगा

मंडळींपैकी प्रत्येकाचं इंग्रजी सारखं नसतं, आणि इंग्रजी चांगलं असलेल्यालाही गाण्यातले शब्द पहिल्या झटक्यात लागत नाहीत. म्हणून एका माणसानं ऐकायच्या आधी गोष्ट पाच मिनिटांत सांगावी. ओळीओळीचा अर्थ लावत बसू नये, त्यात रात्र जाते.

गोष्ट अशी. पिंक नावाचा पोरगा. बाप दुसऱ्या महायुद्धात गेला. आई पदराआड झाकून ठेवणारी. शाळेत मास्तर टोचून बोलणारे. प्रत्येक दुखण्याची एकेक वीट होत जाते. मोठा होऊन तो रॉकस्टार होतो, दौऱ्यावर असताना घरी फोन लावतो तर फोन परका पुरुष उचलतो. हॉटेलची खोली फोडतो, आणि शेवटची वीट बसते. भिंतीआड तो एकटा. मग कार्यक्रमाची वेळ होते, डॉक्टर सुई टोचून त्याला उभा करतो, आणि स्टेजवर गेल्यावर तो हुकूमशहा होऊन बसतो, गर्दीतली माणसं वेचून काढायला लागतो. शेवटी त्याच्या डोक्यातच त्याच्यावर खटला चालतो आणि निकाल लागतो: भिंत पाडा.

त्या फोनचं एक सांगायलाच पाहिजे, कारण ते ऐकून सगळे गप्प होतात. ‘यंग लस्ट’च्या शेवटी जी टेलिफोन ऑपरेटर ऐकू येते ती खरी ऑपरेटर आहे, हे रेकॉर्डिंग चाललंय हे तिला माहीत नव्हतं. पलीकडं पुरुषाचा आवाज येतो, फोन आपटला जातो, आणि ती बिचारी गोंधळून विचारत राहते. नटीला हे जमलं नसतं.

निरूपण की आख्यान?

आता खरा वाद. पहिला प्रश्न असा टाका: हा अल्बम काय कबूल करतो? आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. कॉन्सेप्ट अल्बमचेही हेच दोन प्रकार पडतात. याच बँडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ निरूपणाचा आहे. वेळ, पैसा, मरण, वेड असे विषय घेतलेत, पात्र कुणी नाही. ‘द वॉल’ आख्यान आहे. पात्रं आहेत, प्रसंग आहेत, आधी-नंतर आहे. त्यामुळं दोघांना एकच माप लावू नका. ‘डार्क साइड’मध्ये गोष्ट नाही ही तक्रार होऊ शकत नाही. ‘द वॉल’मध्ये मात्र गोष्ट रखडली तर ती तक्रार रास्त आहे, कारण गोष्ट सांगायचं त्यांनीच कबूल केलंय.

बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ या मापात कुठंच नीट बसत नाही. सुरुवातीला एका खोट्या बँडची ओळख होते, शेवटाकडं तो बँड परत येतो, मधली गाणी आपापल्या वाटेनं गेलेली. त्याला कॉन्सेप्ट अल्बम म्हणायचं का, यावर वेगळी रात्र काढा. त्याच रात्री काढाल तर दोन्ही वाद अर्धवट राहतात.

‘भारी’ हा मुद्दा नाही

ज्याला बोलायचंय त्यानं एक वाक्य असं मांडावं की समोरच्याला त्याच्या उलट बोलता आलं पाहिजे. “मस्त आहे” याच्या उलट काय बोलणार? “चौथी बाजू नसती तरी चाललं असतं” हा मुद्दा झाला. “गिल्मोरची गिटार काढली तर मागं फक्त वॉटर्सची डायरी उरते” हाही झाला (गिल्मोर हा बँडचा गिटारवाला). वहिनींचा मुद्दा आमच्याकडं सगळ्यात धारदार निघाला: “या माणसाच्या आयुष्यातली एकही बाई धड नाही, असं कसं?”

शास्त्रार्थातला पूर्वपक्षाचा नियम इथं पाळा. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं एकदा मांडायचं आणि त्यानं मान डोलावली की मगच तोंड सोडायचं. आमचे सर वर्गाच्या सवयीनं हे सहज करतात. बँकवाल्याला जमत नाही, तो “ते काय सांगायलास मला” म्हणून सुरूच होतो. त्याला दर वेळी परत मागं न्यावं लागतं, आणि तोवर त्याचा निम्मा जोर उतरलेला असतो.

गाणं काढून बघा

माझ्या मते कॉन्सेप्ट अल्बमवरचा वाद गाजलेल्या गाण्यांवर कधीच सुटत नाही. ‘कम्फर्टेब्ली नम्ब’ चांगलं आहे हे अल्बम न आवडणाराही मान्य करतो. अल्बम अल्बम म्हणून उभा आहे का, हे कळतं ते बारक्या, मरतुकड्या, कुणी न गुणगुणणाऱ्या गाण्यांवरून. ती काढली तर काय पडतं? काहीच पडलं नाही तर ते गाणं भरताड. काही पडलं तर ते कितीही रटाळ असो, त्याची जागा पक्की.

हे तोंडानं करू नका. फोनवर प्लेलिस्ट बनवा, ते गाणं वगळा आणि आधीचं-पुढचं सलग वाजवा.

तिसऱ्या बाजूवर करून बघण्यासारखं आहे. तिथं ‘वेरा’ आणि ‘ब्रिंग द बॉइज बॅक होम’ अशी दोन इवलीशी गाणी लागोपाठ आहेत. दोन्ही मिळून तीन मिनिटंही नाहीत. पहिल्यात दुसऱ्या महायुद्धातली गायिका वेरा लिन हिची आठवण आहे, जी सैनिकांना ‘आपण परत भेटू’ असं गाऊन सांगायची. दुसऱ्यात नगारे आणि समूहस्वर. सुटी ऐकली तर दोन्ही अपुरी वाटतात. बँकवाला म्हणाला, “कामून ठेवली असतील? काढून टाक.” काढली. ‘नोबडी होम’ संपलं, ज्यात पिंक आपल्या जवळच्या सटरफटर वस्तूंची यादी करत हॉटेलात बसलाय, आणि लगेच ‘कम्फर्टेब्ली नम्ब’ सुरू झालं. ऐकायला गोड लागलं. पण काय झालं माहितीये का? पिंक नुसता एक कंटाळलेला श्रीमंत गडी झाला. बाप गेल्याचं दुखणं, जे पहिल्या बाजूला सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘गुडबाय ब्लू स्काय’मध्ये परत डोकं काढतं, ते सुईच्या आधी पुन्हा जागं व्हायलाच पाहिजे. नाहीतर सुई कशावर? ही दोन गाणी ते करतात. राहू द्या त्यांना.

आता ‘द शो मस्ट गो ऑन’ काढा, चौथ्या बाजूचं पहिलं. सुईनंतर थेट स्टेजवर. माझ्या कानाला तरी काही पडलं नाही. त्यातले मागचे सूर सुरेख आहेत, बीच बॉइज या अमेरिकी बँडमधला ब्रूस जॉन्स्टन तिथं गायलाय, पण गोष्टीत ते गाणं दारात उभं राहून “जाऊ का?” एवढंच विचारतं. सर म्हणतात ती घालमेल हवी. असू दे, यावर आमचं जमलेलं नाही.

हा खेळ बँडनं स्वतःही खेळलाय, आणि त्याचा पुरावा तबकडीच्या पाकिटावर छापलेला आहे. तबकडीच्या एका बाजूवर मावतं किती याला मर्यादा असते. बाजू लांबली की आवाज बारीक करावा लागतो. दुसऱ्या बाजूवर जागा पुरेना म्हणून ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’ हे गाणं शेवटच्या घटकेला काढलं आणि ‘एम्प्टी स्पेसेस’ ठेवलं. तोवर गाण्यांचे शब्द छापून झाले होते. त्यामुळं पाकिटावर शब्द आहेत आणि तबकडीवर गाणं नाही. तसंच ‘हे यू’. ते तिसऱ्या बाजूवर मूळ दुसरीकडं होतं. निर्माता बॉब एझ्रिननं ही बाजू जमत नाही असं सांगितल्यावर ते उचलून सुरुवातीला ठेवलं. शब्द मात्र जुन्याच जागी छापलेले राहिले.

ही दोन उदाहरणं वादात सोन्यासारखी आहेत. ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’ पुढं सिनेमात आलं, त्यामुळं ते मिळतं. ते ‘एम्प्टी स्पेसेस’च्या जागी घालून दुसरी बाजू वाजवा (एवढ्यापुरता सिनेमाचा दंड माफ). रिकामी जागा कशानं भरायची, गाड्या, दारू, भांडणं, अशी धावती यादी आहे त्यात. मला वाटतं ते काढून बँडनं नुकसान करून घेतलं. त्याच्याशिवाय ‘यंग लस्ट’ एकदम कुठून तरी टपकल्यासारखं वाटतं. आणि ‘हे यू’ जुन्या जागेच्या आसपास, बाजूच्या शेवटाकडं ठेवून ऐका. भिंत पूर्ण झाल्यावर आतून येणारी पहिली हाक ती असायला हवी, हे आपोआप कळतं. एझ्रिनचं बरोबर होतं.

गाजलेल्या गाण्याचं काय करायचं

‘अनदर ब्रिक’चा दुसरा भाग कुणालाही माहीत असतो, आणि तोच वादाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या पोरांनी म्हटलेलं ते कडवं सुटं ऐकलं की वाटतं, हे शाळेविरुद्धचं गाणं. दक्षिण आफ्रिकेत १९८० मध्ये वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते उचललं आणि सरकारनं त्याच्यावर बंदी आणली. माझा भाचा अकरावी-बारावीला लातूरला होता, क्लास, टेस्ट, क्लास, टेस्ट. त्याच्या होस्टेलात हे गाणं राष्ट्रगीतासारखं चालायचं. त्यांना पिंक कोण, वीट कसली, काही माहीत नव्हतं आणि गरजही नव्हती.

भाच्यानं त्यावरून मुद्दा काढला तो चांगला होता. “मामा, गाणं गोष्टीशिवाय जास्त मोठं होतंय. मग गोष्टीनं त्याला लहान केलं असं नाही का?” सुटं असताना ते पोरांचं गाणं आहे. अल्बममध्ये ते पिंकचं गाणं होतं, एक वीट, आईच्या गाण्याच्या आधीची. सर म्हणाले, अल्बममध्ये ते जास्त खरं आहे, कारण तिथं ते वाक्य बरोबर आहे की चूक हे कुणी सांगत नाही. हे दुखावलेलं पोर बोलतंय एवढंच आहे. आणि तेच पोर चौथ्या बाजूला हुकूमशहा होतंय.

इथं कामाला येणारी माहिती अशी की त्याचा डिस्को वळणाचा ठेका एझ्रिननं सुचवला. गाणं मुळात एकाच कडव्याचं होतं. ते वाढवायला पोरांच्या आवाजात तेच कडवं परत घेतलं. १९६८ नंतर ब्रिटनमध्ये या बँडनं काढलेलं हे पहिलं सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे विकायचा विचार त्यात होता. बँकवाल्यानं हे ऐकून टेबलावर हात मारला, “मग ढोंगच की!” याला उत्तर म्हणून मी फक्त आधीची किंकाळी परत वाजवतो. विकायला केलेलं असो, त्या किंकाळीनंतर तो ठेका येतो तेव्हा अंगावर येतो, आणि माझ्या हिशोबात तेवढं पुरेसं आहे.

वॉटर्स-गिल्मोर: वेळ लावून द्या

हा वाद होणारच. टाळू नका, फक्त घड्याळ लावा. दहा मिनिटं, त्याच्यावर नाही. लागणारी माहिती थोडक्यात: अल्बमची कल्पना आणि बहुतेक सगळं लेखन वॉटर्सचं. गिल्मोरचं नाव लेखनात तीन गाण्यांवर आहे: ‘यंग लस्ट’, ‘कम्फर्टेब्ली नम्ब’, ‘रन लाइक हेल’. ‘द ट्रायल’वर वॉटर्ससोबत एझ्रिनचं. कीबोर्डवाल्या रिक राइटला याच काळात बँडमधून काढलं आणि पुढच्या कार्यक्रमांत तो पगारावर वाजवायला होता. गंमत म्हणजे त्या भव्य कार्यक्रमांत बँडला तोटा झाला आणि पैसे मिळाले ते पगारी राइटलाच.

‘कम्फर्टेब्ली नम्ब’वर दोघांचं खरंच वाजलं होतं. वाद्यवृंदाची मऊ आवृत्ती की गिटारची खरखरीत आवृत्ती, यावरून. शेवटी तडजोड झाली: बहुतेक गाणं वाद्यवृंदासह, आणि शेवटचा गिटारचा तुकडा खरखरीत. ऐकताना दोन सोलो वेगवेगळे ऐका. पहिला सुईच्याही आधीचा, बधिर होत जाण्याच्या सुखाचा आहे. दुसरा त्या सुखाच्या खाली गाडलेल्या माणसाचा आहे, आणि त्याला शब्द नाहीत. वॉटर्सचं लेखन जिथं थांबतं तिथून गोष्ट गिल्मोरनं पुढं नेली, असं मी म्हणतो. वहिनी म्हणतात, “म्हणजे दोघं लागले ना? मग दहा मिनिटं कशाला घालवलीत?”

चरित्र किती आणायचं

वॉटर्सचे वडील १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीत आंझिओच्या लढाईत गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. १९७७ च्या जुलैत माँट्रिअलच्या कार्यक्रमात तो एका प्रेक्षकावर थुंकला, आणि आपल्यात आणि प्रेक्षकांत भिंत असावी ही कल्पना तिथून आली. हे सांगावं. पण “खरंच घडलंय म्हणून चांगलं आहे” हा मुद्दा कुणी मांडला की थांबवा. बाप सगळ्यांचेच जातात, त्यानं गाणं चांगलं होत नाही. चरित्रानं गाणं का झालं ते कळतं. जमलंय का, हे कानानंच ठरवायचं.

वहिनींच्या प्रश्नावर सरांनी चरित्राचंच बोट धरायचा प्रयत्न केला होता, लग्न मोडलं होतं वगैरे. वहिनी म्हणाल्या, “सर, माझ्या काउंटरला रोज अशी माणसं येतात. सगळ्यांच्या बायका वाईट, सगळ्यांच्या आया वाईट. मी ऐकून घेते आणि गोळ्या देते.” मग सरांनी नीट बाजू मांडली: खटल्यात आई, बायको, मास्तर येऊन बोलतात ते सगळं पिंकच्या डोक्यात आहे, बाई वाईट नाही, त्याची नजर वाईट आहे. वहिनी लगेच म्हणाल्या, “मग ८१ मिनिटांत त्याच्या डोक्याबाहेरचं एक तरी माणूस दाखवा.” मी ती फोनवरची ऑपरेटर सुचवली. वहिनी हसल्या, पण अर्धा गुणच दिला.

चौथ्या बाजूचा धोका

ज्यांना वाद आणखी खोल न्यायचाय त्यांनी पहिलं गाणं आणि ‘रन लाइक हेल’च्या आधीचं गाणं शेजारीशेजारी वाजवावं. नाव तेच, ‘इन द फ्लेश’. पहिल्यात प्रश्नचिन्ह आहे, दुसऱ्यात नाही. चाल तीच, दणका तोच. दुसऱ्यात पिंक गर्दीतून वेगळ्या जातीधर्माची, वेगळ्या रंगाची माणसं हुडकून भिंतीला उभी करायला सांगतो. प्रश्न असा टाका: पहिल्या वेळेला या दणक्यावर तुम्ही मान हलवली होती ना? मग आता का थांबलात? की नाही थांबलात?

आमच्या दुकानात यावर बराच वेळ कुणी बोललं नव्हतं. अल्बमच्या बाजूनं मांडण्यासारखा सगळ्यात जड मुद्दा मला हाच वाटतो. विरुद्ध बाजूनं एवढंच म्हणता येतं की ठेका इतका चांगला आहे की इशारा विसरून माणूस नाचायलाच लागतो. बँकवाला नाचलाच.

पहिल्यांदाच करत असाल तर

‘द वॉल’पासून सुरुवात करू नका. ‘डार्क साइड’ घ्या, पाऊण तासाच्या आत संपतो, गोष्ट सांगत बसावी लागत नाही, आणि बाजू दोनच. ‘द हू’ या बँडचा १९६९ चा ‘टॉमी’ही आख्यानच आहे, पण त्याची गोष्ट सांगायलाच चहा थंड होतो. जेथ्रो टल या बँडचा १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा कॉन्सेप्ट अल्बमांची टिंगल म्हणून केलेला, दोन बाजूंवर पसरलेलं एकच गाणं. तिथं गाणं काढून बघायची सोयच नाही. त्याच्यावर वाद घालायची पद्धत आम्हाला अजून बसवायची आहे. येत्या श्रावणात बघू. कुणाच्या मोटारी जळल्या नाहीत तर.